ऐकू कमी येणाऱ्या माणसासाठी मोबाइल कसा निवडावा

ऐकू कमी येणाऱ्या माणसासाठी मोबाइल घ्यायला निघालेले कुटुंब दुकानात पोहोचल्यावर बहुधा एकच प्रश्न विचारते: ‘यातला मोठ्या आवाजाचा कोणता?’ दुकानदार तत्परतेने एखादा फोन काढतो, रिंगटोन पूर्ण आवाजात वाजवून दाखवतो, शेजारची गिऱ्हाइके मागे वळून पाहतात आणि सौदा ठरतो. पंधरा दिवसांत घरच्यांच्या लक्षात येते, की फोन वाजलेला आता कळतो, पण पलीकडचा माणूस काय बोलतो ते पूर्वीइतकेच कळत नाही. यात दोष फोनचा नसतो. दुकानात विचारलेला प्रश्नच अपुरा असतो. या खरेदीचा क्रम आधी कान, मग कानातले यंत्र आणि त्यानंतर फोन असा हवा. यंत्र वापरत नसल्यास मधली पायरी गळते, पण पहिली कधीच गळत नाही.

आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही

वाढत्या वयामुळे किंवा वर्षानुवर्षे गोंगाटात काम केल्यामुळे येणाऱ्या बहिरेपणात अंतर्कर्णातील शंखासारख्या भागातल्या सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि त्यांतही उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. मराठीतले स्वर, तसेच म, न, ल यांसारखी व्यंजने खालच्या पट्टीत असतात आणि त्यांना चांगला जोर असतो. याउलट स, श, फ, थ, ख, ट यांची ओळख पटवणारा भाग वरच्या पट्टीत आणि मुळातच हलका असतो. त्यामुळे अशा माणसाची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसून ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी असते. ‘साठ’ आणि ‘सात’, ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘कान’ आणि ‘पान’ यांतला फरक नेमका या हलक्या व्यंजनांत असल्याने फोनवर सर्वाधिक घोटाळा होतो तो आकड्यांचा आणि नावांचा.

याला आणखी एक गुंतागुंत जोडलेली असते. झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि तोच आवाज थोडा वाढवला की तो टोचू लागतो. ऐकू येण्याची पातळी आणि सहन होण्याची पातळी यांतले अंतर कमी झालेले असते. ‘अहो, जरा मोठ्याने बोला’ म्हणणारे आजोबा पुढच्याच वाक्याला ‘ओरडता कशाला’ म्हणून चिडतात, त्यामागे हट्टी स्वभाव नसून हे कारण असते. नुसता कर्कश मोठा आवाज देणारा फोन अशा कानाला उपयोगाऐवजी त्रासच देतो.

आता फोनच्या बाजूने पाहू. पारंपरिक टेलिफोन पद्धतीत माणसाच्या आवाजातील साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पाठवला जातो. ‘स’चा मुख्य जोर ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो, म्हणजे तो वाटेतच गळून जातो. निरोगी कानाचा माणूस संदर्भावरून ती उणीव नकळत भरून काढतो. अधू कानाच्या माणसाकडे भरून काढायला पुरेसा ऐवजच उरलेला नसतो. ४जी जाळ्यावरून जाणाऱ्या कॉलमध्ये, ज्याची व्हीओएलटीई ही अक्षरे फोनच्या वरच्या पट्टीत दिसतात, साधारण ५० ते ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा रुंद पट्टा जाऊ शकतो. आपल्याकडे ही सोय सर्वदूर पोहोचली ती २०१६ मध्ये जिओने केवळ ४जीवर चालणारी सेवा सुरू केल्यानंतर. अशा कॉलमधला आवाज अधिक मोठा नसतो, पण अधिक स्वच्छ असतो आणि मध्यम प्रमाणात ऐकू कमी येणाऱ्या माणसाला या एका बदलाने पडणारा फरक महागड्या फोनने पडणाऱ्या फरकाहून मोठा असू शकतो. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांना तशी सोय हवी. एका बाजूला जुना फोन किंवा लँडलाइन असेल तर पट्टा पुन्हा अरुंद होतो. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्येही रुंद पट्टा मिळतो, फक्त इंटरनेट डळमळीत असेल तर शब्द तुटतात.

म्हणून घ्यायच्या फोनबद्दल पहिली चौकशी करायची ती ही, की आपल्या सिमकार्डाच्या कंपनीची व्हीओएलटीई सेवा त्या विशिष्ट मॉडेलवर चालते का आणि ती सेटिंगमध्ये सुरू आहे का. घरात पडून असलेला जुना २जी बटणांचा फोन ‘आजोबांना एवढा पुरे’ म्हणून देण्याची आपल्याकडे रीत आहे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही काटकसर उलटी पडते, कारण ऐकायला सर्वांत अवघड असा फोन आपण घरातल्या सर्वांत अडलेल्या माणसाच्या हाती देत असतो. बोटांच्या सवयीसाठी बटणांचाच फोन हवा असेल तर ४जीवर चालणारे बटणांचे फोन बाजारात मिळतात, त्यांतून निवडावा.

दुकानाआधी तपासणी

श्रवणतपासणीनंतर मिळणारा आलेख, ज्याला ऑडिओग्राम म्हणतात, तो जुना असेल तर फोन घेण्याआधी नवा करून घ्यावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत, तसेच मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते. आलेखावरून तीन गोष्टी कळतात: दोन्ही कानांपैकी बरा कोणता, उणीव किती डेसिबलची आहे आणि ती कोणत्या पट्टीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल उणीव असणाऱ्या व्यक्तीला ‘कमी ऐकू येणारी’ आणि ७० डेसिबल उणीव असणाऱ्या व्यक्तीला ‘कर्णबधिर’ म्हटले आहे. कायद्याने ही रेघ फोन निवडण्यासाठी आखलेली नाही, पण आपल्याला ती खूण म्हणून उपयोगी पडते. उणीव ७० डेसिबलच्या रेघेच्या पलीकडे असेल आणि यंत्र नसेल, तर कानाला लावून बोलण्याचा फोन म्हणून निवड करण्यात अर्थ नाही; तिथे पडदा, कॅमेरा आणि कंप यांवरूनच निवड करावी लागते.

उणीव सौम्य असेल आणि यंत्र लागत नसेल, तर काम तुलनेने सोपे आहे. कॉल सुरू असताना फोन बऱ्या कानाला लावून आवाज वाढवून पाहावा; पूर्ण आवाजात शब्द फाटतात का, हे आवाज किती मोठा आहे यापेक्षा महत्त्वाचे. स्पीकरवर टाकून एक हाताच्या अंतरावर ठेवूनही ऐकावे. काही फोनमध्ये मालकाच्या कानाप्रमाणे आवाज जुळवून देण्याची सोय असते. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ती ‘अडॅप्ट साउंड’ या नावाने मिळते. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, ऑडिओग्राम फोनमध्ये भरून ठराविक इअरफोनमधला आवाज त्यानुसार बदलून घेता येतो. ज्यांचा एकच कान चालतो त्यांनी ‘मोनो ऑडिओ’ ही सोय शोधून सुरू करावी, कारण एरवी इअरफोनच्या दोन बाजूंना वाटून जाणाऱ्या आवाजापैकी अर्धा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. ती आता जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते, पण आपणहून कोणी सांगत नाही.

जाहिरातीतल्या ‘नॉइज कॅन्सलेशन’ या शब्दाने मात्र फसू नये. फोनमधले दोन किंवा तीन माइक जी गोंगाट गाळण्याची क्रिया करतात, तिच्यामुळे आपल्या आसपासचा गलका पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जातो. त्याचे बोलणे आपल्याला अधिक स्पष्ट ऐकू येण्याशी तिचा संबंध नाही.

कानात यंत्र असेल तर

यंत्र वापरणाऱ्याच्या बाबतीत फोनचा आवाज यंत्रापर्यंत तीन वाटांनी जाऊ शकतो आणि आपले यंत्र यांपैकी कोणती वाट घेऊ शकते हे ठाऊक असल्याशिवाय फोन पाहायला जाऊच नये.

पहिली वाट साधी आहे: फोनच्या स्पीकरमधून आवाज निघतो आणि यंत्राच्या माइकमध्ये शिरतो. इथे चूक होते ती फोन धरण्यात. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक कानाच्या छिद्राजवळ नसून वर, कानाच्या पाळीमागच्या टोकापाशी असतो, त्यामुळे फोनचा स्पीकर थोडा वर आणि मागे तिरका धरावा लागतो. फोन घट्ट दाबून धरला की यंत्राची शिट्टी वाजू लागते. खिशात ठेवायचे पेटीसारखे यंत्र, ज्याला घराघरांत ‘पॉकेट मशीन’ म्हणतात, ते वापरणाऱ्यांचा माइक तर छातीवर असतो. तरीही ही मंडळी सवयीने फोन कानाला लावतात आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून फोनला दोष देतात. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून पेटीसमोर धरावा. म्हणून अशा माणसासाठी फोन घेताना खालच्या बाजूचा मोठा स्पीकर किती स्वच्छ बोलतो यावरच निर्णय करावा.

या वाटेवरचा मोठा अडथळा म्हणजे गुणगुण. २जी फोन आपल्या लहरी अखंड न सोडता सेकंदाला सुमारे २१७ ठोक्यांत सोडतो आणि ते ठोके जवळच्या यंत्रात ‘घूंऽऽ’ असे ऐकू येतात. ४जी कॉलमध्ये हा त्रास बराच कमी असतो. सिग्नल कमजोर असला की फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो आणि २जीवरची गुणगुण वाढते, त्यामुळे भर बाजारातल्या दुकानात, जिथे टॉवर हाकेच्या अंतरावर असतो, तिथे शांत वाटलेला फोन गावाकडच्या घरात छळू शकतो. काही विक्रेते फोनचा ‘एसएआर’ (SAR) आकडा दाखवून ‘रेडिएशन कमी आहे, यंत्राला त्रास होणार नाही’ असे सांगतात. तो आकडा शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आहे, यंत्रातल्या गुणगुणीचा नाही.

दुसरी वाट चुंबकीय आहे. अनेक कानामागच्या यंत्रांत तांब्याच्या तारेचे एक चिमुकले वेटोळे असते, त्याला टेलिकॉइल किंवा नुसते ‘टी’ म्हणतात. यंत्र टी-वर टाकले की माइक बंद होतो आणि फोनमधून निघणारे चुंबकीय क्षेत्र हे वेटोळे थेट टिपते. मग शेजारचा मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न, वाजणारी शिट्टी हे सगळे बाजूला पडते. मात्र कानाच्या नळीत पूर्ण बसणाऱ्या छोट्या यंत्रांत वेटोळ्याला जागा नसते आणि हल्लीच्या बऱ्याच चार्ज होणाऱ्या यंत्रांतूनही ते काढून टाकलेले असते. यंत्रात टी असूनही ते तज्ज्ञाने सुरू करून दिलेले नसणे, हा प्रकार तर फारच आढळतो. आपले यंत्र बसवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टला हे स्पष्ट विचारावे.

फोन या वाटेला कितपत अनुकूल आहे, हे ओळखायला अमेरिकेतली खूण कामी येते. तिथे १९८८ मध्ये टेलिफोन श्रवणयंत्रांना अनुकूल असावेत असा कायदा झाला आणि २००३ मध्ये तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने मोबाइललाही हे बंधन लागू करण्यास सुरुवात केली. त्या पद्धतीत फोनला एम आणि टी असे दोन दर्जे दिले जात. एम३ किंवा एम४ म्हणजे माइकच्या वाटेने गुणगुण कमी, टी३ किंवा टी४ म्हणजे टेलिकॉइलशी जुळणी चांगली. चार हा आकडा तीनपेक्षा सरस. नव्या मोजणीत या दर्ज्यांऐवजी केवळ ‘अनुकूल’ असा शेरा येतो आणि त्यात आवाज किती वाढवता येतो याचीही परीक्षा असते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आयोगाने पुढे सर्वच मॉडेल अनुकूल असावीत असा निर्णय घेतला. आपल्याकडच्या खोक्यांवर ही खूण सहसा छापलेली नसते, पण कंपनीच्या संकेतस्थळावरील तांत्रिक माहितीत ती सापडू शकते. मात्र भारतात आणि अमेरिकेत एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या फोनचे आतले भाग वेगळे असू शकतात, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवून पाहावा.

टी-वर ऐकताना फोन हळूहळू वर-खाली, पुढे-मागे सरकवून जिथे आवाज सर्वांत भरदार येतो ती जागा शोधावी लागते आणि एकदा सापडली की ती हाताच्या सवयीची होते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली किंवा इन्व्हर्टरशेजारी उभे राहिल्यास याच वेटोळ्यात त्यांचीही घरघर शिरते. दोन पावले बाजूला सरकले की ती जाते.

टी असलेल्या यंत्रासाठी गळ्यात घालायचे तारेचे वेटोळेही मिळते. ते फोनला जोडले की आवाज दोन्ही कानांतल्या यंत्रांत एकाच वेळी येतो, आणि दोन्ही कानांनी ऐकलेले बोलणे एका कानाने ऐकलेल्यापेक्षा निश्चितच अधिक उमगते. या वेटोळ्याची साधी, स्वस्त जात इअरफोनच्या गोल छिद्रात खुपसायची असते. नव्या फोनांतून नेमके हे छिद्र नाहीसे होत चालले आहे, त्यामुळे टी-वर अवलंबून असणाऱ्याने ते असलेला फोन आवर्जून शोधावा. फॅशन म्हणून काढलेली गोष्ट कोणाच्या तरी कानाचा आधार होती, हे फोन बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

तिसरी वाट ब्लूटूथची. सर्वांत सुखाची आणि खरेदीत सर्वांत फसवी. यंत्रात ब्लूटूथ आहे, फोनमध्ये ब्लूटूथ आहे, म्हणजे दोन्ही जुळणारच, असा समज करून आमच्या घरातही एकदा फोन घेतला गेला. यंत्राचे अ‍ॅप सुरू झाले, त्यातून आवाज कमी-जास्त करता येऊ लागला आणि सगळ्यांना हायसे वाटले. पहिला कॉल आला तेव्हा कळले, की यंत्र फोनच्या आज्ञा ऐकते, पण कॉलचा आवाज काही त्यात उतरत नाही.

याचे कारण असे, की श्रवणयंत्रांसाठी ब्लूटूथची भाषा एक नाही. अ‍ॅपलने आयफोनसाठी स्वतःची पद्धत काढली आणि २०१४ पासून तशी यंत्रे बाजारात आली. ती आयफोनशी थेट बोलतात. अँड्रॉइडसाठी गूगलने दुसरी पद्धत काढली, जिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘आशा’ असा होतो (गावोगावच्या आशाताईंशी तिचा संबंध नाही). ती २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून मिळू लागली, पण प्रत्येक फोन कंपनीने ती घेतलेली नाही. फोनाक या यंत्र कंपनीची अनेक यंत्रे नेहमीच्या, गाडीतल्या किंवा साध्या इअरफोनमधल्या ब्लूटूथवरच चालतात, म्हणून ती साध्या फोनांनाही जोडली जातात. आता या सर्वांच्या जागी एलई ऑडिओ नावाची एक समान पद्धत येत आहे. तिची घोषणा २०२० मध्ये झाली आणि अँड्रॉइड १३ मध्ये तिला स्थान मिळाले. तिच्यात बॅटरी कमी खर्च होते आणि पुढेमागे सभागृहातला किंवा विमानतळावरचा आवाज थेट यंत्रात घेण्याचीही सोय होईल. मात्र खोक्यावर ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ असा आकडा छापलेला आहे, म्हणजे एलई ऑडिओ आहेच, असे समजू नये. त्या आवृत्तीत ही सोय ऐच्छिक आहे.

यातून मार्ग एकच: फोनच्या कंपनीचे न ऐकता यंत्राच्या कंपनीचे ऐकावे. जवळजवळ प्रत्येक यंत्र कंपनी आपल्या संकेतस्थळावर कोणत्या फोनांशी यंत्र जुळते याची यादी देते. आपल्या यंत्राचे पूर्ण नाव लिहून घेऊन त्या यादीतले दोन-तीन फोन आधी निवडावेत आणि मगच दुकानाची पायरी चढावी. यादी वाचताना तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात: फक्त अ‍ॅप चालते, की कॉलचा आवाजही येतो, की आपले बोलणेही यंत्राच्या माइकमधून जाते. शेवटची सोय नसेल तर ऐकणे यंत्रातून आणि बोलणे फोनच्या माइकमध्ये अशी कसरत करावी लागते. ती जमते, पण फोन खिशात ठेवून बोलता येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायचे यंत्र, असलेल्यांनीही ही चौकशी त्यांच्या बाहेरच्या प्रोसेसरच्या नावाने करावी.

नवे यंत्र आणि नवा फोन दोन्ही घ्यायचे असतील तर आधी यंत्र ठरवावे. फोन तीन-चार वर्षांत बदलतोच. यंत्रावर सहसा अधिक पैसे गेलेले असतात आणि ते कानाच्या मापाने निवडलेले असते.

वाचून ऐकणे

ज्यांना यंत्र लावूनही फोनवरचे बोलणे नीट कळत नाही, त्यांच्यासाठी फोनचा खरा उपयोग पडद्यावर आहे. गूगलने फेब्रुवारी २०१९ मध्ये अँड्रॉइड फोनांसाठी लाइव्ह ट्रान्सक्राइब हे विनामूल्य अ‍ॅप आणले. समोरचा माणूस बोलत असताना त्याचे शब्द पडद्यावर उमटत जातात. लहानपणापासून ऐकू न येणारे संशोधक दिमित्री कानेव्हस्की हे ते घडवणाऱ्यांपैकी एक आणि वॉशिंग्टनमधील कर्णबधिरांच्या गॅलॉडेट विद्यापीठाचे त्याला सहकार्य होते. त्यात मराठी आहे, आणि मराठी घरासाठी हा मुद्दा निर्णायक ठरावा असा आहे; आयफोनवरची लाइव्ह कॅप्शन्स ही सोय २०२२ मध्ये इंग्रजीपासून सुरू झाली. डॉक्टरांच्या खोलीत, बँकेच्या खिडकीवर, घरच्या जेवणाच्या पंगतीत हे अ‍ॅप खरोखर कामी येते. अक्षरे मोठी करता येतात. एका वेळी चौघे बोलू लागले किंवा पंख्याखाली फोन ठेवला की मात्र गोंधळ होतो, आणि नावांची तर ते हमखास वाट लावते.

एक मर्यादा आधीच माहीत असावी: ज्या फोनवर कॉल चालू आहे, त्याच फोनवर हे अ‍ॅप त्या कॉलचे शब्द लिहीत नाही, कारण माइक कॉलमध्ये गुंतलेला असतो. यावर घरगुती तोड अशी, की जुना स्मार्टफोन फेकू नये. त्यावर हे अ‍ॅप उघडून तो नव्या फोनच्या शेजारी ठेवावा आणि कॉल स्पीकरवर घ्यावा. बोलणे एका फोनमधून ऐकावे, दुसऱ्यावर वाचावे. हे दोन फोनांचे बिऱ्हाड दिसायला विचित्र असले, तरी नातवाचा परदेशातून आलेला फोन स्वतः घेता येण्याचे समाधान त्यातून मिळू शकते.

वाचण्यासाठी फोन घ्यायचा म्हटल्यावर निवडीचे निकष बदलतात. पडदा मोठा आणि उन्हातही दिसणारा हवा, माइक चांगला हवा आणि इंटरनेटचा रिचार्ज हवा. ‘आजींना काय करायचे इंटरनेट’ म्हणून फक्त कॉल आणि एसएमएस देणारा स्वस्त रिचार्ज मारला, तर अ‍ॅप असून नसल्यासारखे. मराठी कीबोर्ड पहिल्याच दिवशी बसवून द्यावा, आणि घरातल्या सर्वांनी व्हॉइस मेसेज पाठवण्याची सवय सोडून लिहून पाठवण्याची लावून घ्यावी. ही दुसरी गोष्ट कोणत्याच दुकानात मिळत नाही.

भारतीय सांकेतिक भाषेत बोलणाऱ्यांसाठी फोन म्हणजे मुख्यतः व्हिडिओ कॉल. तिथे मागचे चार कॅमेरे बिनकामाचे; पुढचा कॅमेरा रुंद दृश्य घेणारा हवा, म्हणजे हाताच्या अंतरावरून चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत मावतात. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फोन उभा ठेवणारे स्टँड सोबत घ्यावे. संध्याकाळच्या मंद दिव्यात कॉल लावून बोटांची हालचाल पुसट होते का, हे पाहावे.

फोन आला हे कळण्यासाठी

रिंगटोन निवडताना उंच, किणकिणणारे सूर टाळावेत, कारण नेमकी तीच पट्टी गेलेली असते. फार खालचे सूर मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून निघतच नाहीत. मधल्या पट्टीतला, तुटक ठोक्यांचा आवाज बरा. काहींना जुन्या टेलिफोनची घंटा बरोबर ऐकू येते, काहींना तबल्याचा ठेका. दहा सूर वाजवून त्यांनाच निवडू द्यावे.

कंपाची परीक्षा फोन हातात धरून करू नये, कारण हातात प्रत्येक फोन थरथरतोच. तो सदऱ्याच्या खिशात, पिशवीत आणि गादीवर ठेवून पाहावा. कंप पुरेसा नसेल तर मनगटावरचा साधा फिटनेस बँडही कॉल आल्यावर थरथरतो आणि तो खिशातल्या फोनपेक्षा भरवशाचा असतो. आयफोनमध्ये आणि अँड्रॉइड १४ पासूनच्या फोनांत कॉल आल्यावर कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकण्याची सोय आहे. सॅमसंगमध्ये ती आधीपासून आहे. रात्री गजरासाठी फोन उशीखाली ठेवणारे अनेक जण असतात, पण चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली कधीही ठेवू नये, तो तापतो.

दारावरची घंटा, बाळाचे रडणे, धुराचा इशारा असे आवाज ओळखून कंप देण्याची सोय २०२० पासून दोन्ही प्रकारच्या फोनांत आलेली आहे. आयओएस १६ पासून आयफोनला आपल्या घरची दारावरची घंटा किंवा एखाद्या उपकरणाचा आवाजही शिकवता येतो. त्याला कुकरची शिट्टी शिकवून पाहण्यासारखी आहे, पण त्या भरवशावर कुकर सोडून बाहेरच्या खोलीत जाऊन बसू नये.

अडचणीच्या वेळेचाही विचार आधीच करावा. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांत मदतीची कळ असणे बंधनकारक आहे: बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरणे, स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ तीनदा पटकन दाबणे. पण त्यातून ११२ ला लागतो तो आवाजी कॉल. म्हणून सोबतच फोनच्या आणीबाणीच्या सेटिंगमध्ये घरच्या दोन माणसांचे क्रमांक आणि त्यांना आपण कुठे आहोत ते कळवणारा संदेश भरून ठेवावा, तसेच कुलूप असलेल्या पडद्यावर ‘मला ऐकू येत नाही, कृपया लिहून दाखवा’ ही ओळ मराठीत आणि इंग्रजीत टाकावी. सरकारी आपत्ती इशारे पडद्यावर मजकूर आणि कंप यांसह येतात; कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी तर ते सेटिंगमध्ये बंद नाहीत ना, हे आवर्जून तपासावे.

दुकानात

ज्याच्यासाठी फोन घ्यायचा त्याच्याशिवाय दुकानात जाऊ नये, आणि त्याचे यंत्र कानात, नवी बॅटरी घातलेले असावे. आपले सिमकार्ड त्या फोनमध्ये घालून खराखुरा कॉल लावू देणारे दुकान निवडावे. स्वस्त मिळतो म्हणून न पाहता ऑनलाइन मागवलेला फोन यंत्राशी जुळला नाही, तर केवळ त्या कारणासाठी तो परत घेतला जाईलच असे नाही. कॉल घरातल्या दोन माणसांना लावावा, एक बाई आणि एक पुरुष, कारण बायकांचा आणि मुलांचा आवाज उंच पट्टीचा असल्याने अनेकांना तोच कठीण जातो. ‘ऐकू येतंय का?’ असे विचारू नये. संकोचाने किंवा घाईला कंटाळून बहुतेक लोक ‘हो, येतंय’ म्हणतात. त्याऐवजी पलीकडच्याने पाच आकडे आणि पाच नावे सांगावीत आणि ऐकणाऱ्याने ती कागदावर लिहावीत. पाच-सात, सहा-दहा, साठ-सत्तर अशी मुद्दाम चकवणारी यादी करून ठेवावी. ज्या फोनवर सर्वाधिक बरोबर लिहिले गेले तो फोन घ्यावा, मग त्याचा रंग घरातल्या तरुणांना आवडो न आवडो.

ही परीक्षा दोनदा करावी, एकदा दुकानाच्या आत आणि एकदा दारात, रस्त्याच्या आवाजात. दुकानदार थोडा वैतागेल. त्याला कारण सांगितले की बहुतेक जण खुर्ची आणून देतात.

फोन घेतल्यावर पहिले पंधरा दिवस कोणाचा कॉल कळला, कोणाचा नाही, कुठे गुणगुण झाली, शिट्टी कधी वाजली, हे एका वहीत लिहून ठेवावे. ब्लूटूथवरून कॉल ऐकताना यंत्राची बॅटरी नेहमीपेक्षा लवकर संपते, तेव्हा किती दिवस टिकली तेही लिहावे आणि बॅटऱ्यांचे जादा पाकीट खिशात ठेवावे. मग ती वही, यंत्र आणि फोन तिन्ही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जावे. बहुतेक डिजिटल यंत्रांत फोनसाठी वेगळा प्रोग्राम बसवता येतो, आणि तो समोर खरा फोन आणि खरा कॉल चालू असतानाच नीट जुळवता येतो. म्हणून त्या वेळी घरून कॉल लावायला कोणाला तरी आधीच सांगून ठेवावे.